सौलिकच्या मानाची करवंटी

कासियानोचे हात सबंध खोऱ्यात नावाजलेले होते. चेहऱ्याने तो चारचौघांसारखाच. डोक्याने कसा, ते त्याची बायको सोरीना कुणी न विचारताही सांगायची. पण बाकी ठिकाणी राहिलेली सगळी कसर देवाने कोपराखाली भरून काढली होती. जाड, गाठीगाठींचे, नाव बांधायच्या दोरासारखे पिळदार हात. सकाउ पिळावा तर कासियानोनेच, यावर एरवी कशावरच एकमत न होणाऱ्या आमच्या गावाचं एकमत होतं.

इतर बेटांवर या गुंगी आणणाऱ्या पेयाला कावा म्हणतात, आणि वाळवलेल्या मुळांची पूड पाण्यात कालवून पितात असं ऐकून आहोत. आमच्या पोनपे बेटावर असं करणाऱ्याच्या घरी कुणी मुलगी देणार नाही. इथे सकाळी झाड उपटायचं आणि त्याच दिवशी पाट्यावर कुटायचं. मग रानजास्वंदीच्या ओल्या सालीच्या पट्ट्या अंथरून त्यावर तो लगदा पसरायचा, गुंडाळी करायची आणि भिजलेली चादर पिळावी तशी पिळायची. करवंटीत जे उतरतं त्याला पाणी म्हणता येत नाही. ते तार धरतं. चांगला सकाउ सर्दीच्या नाकासारखा लोंबतो असं आम्ही म्हणतो, आणि हे आम्ही कौतुकाने म्हणतो.

तर असा हा कासियानो बावीस वर्षं ‘सौलिक’ होता. आमच्याकडे मोठ्या माणसाला नावाने हाक मारणं म्हणजे त्याच्या पाठीत खडा मारण्यासारखं. नाव आई, बायको आणि भांडण यांच्यासाठी राखून ठेवायचं. बाकी सगळीकडे गावप्रमुखाने दिलेला मान हेच माणसाचं नाव. सौलिक हा मान काही फार वरचा नव्हे. सभाघरात मधल्या खांबाला टेकून बसायची जागा आणि नववी करवंटी, एवढंच. पण बावीस वर्षं रोज तेच ऐकलं की माणूस त्यात मुरतो. झोपेत कुणी ‘सौलिक’ म्हटलं तरी कासियानो ‘ओ’ द्यायचा. ‘कासियानो’ म्हटलं तर सोरीनाला दोनदा ओरडावं लागायचं.

मग म्हातारे दौक वारले. दौक हा वरून तिसरा मान. गावप्रमुखांनी तो कासियानोला दिला आणि रिकामा झालेला सौलिकचा मान त्याच्या मेव्हण्याला, म्हणजे बहीण युलीनाच्या नवऱ्याला, लुडविकला दिला. लुडविक एकसष्ट वर्षांचा. आयुष्यभर त्याला सभाघरात शेवटच्या रांगेत, पाणी गळतं त्या कोपऱ्यात बसायची सवय. खडकाळ मातीतून त्याने एवढा थोरला सुरण काढला होता की तो वाशाला बांधून उचलायला आठ माणसं लागली. आपल्या मानाच्या जेवणाला तो सुरण आणि घरातलं सर्वात मोठं डुक्कर घेऊन आला. नवा सदरा घातला होता. युलीनाने मागून त्याची कॉलर तीनदा सरळ केली, आणि ती तिन्ही वेळा सरळच होती.

पाटे घुमले. पहिली करवंटी प्रमुखांना, दुसरी त्यांच्या खालोखालच्या मानकऱ्याला, तिसरी दौकला, म्हणजे कासियानोला. ती त्याने घेतली खरी, पण आवाज देणाऱ्याने ‘दौक’ म्हटलं तेव्हा शेजाऱ्याला कोपर मारून त्याला जागं करावं लागलं होतं. चौथी, पाचवी, सहावी, सातवी, आठवी. डोळे जडावले. आणि मग हाक आली, “सौलिकची करवंटी.”

कासियानोचा हात पुढे झाला. करवंटी आणणाऱ्याचीही बावीस वर्षांची सवय. त्याने ती नेमकी त्याच हातावर ठेवली. आमच्यात पिताना डोळे मिटतात. कासियानोने मिटले, आणि सगळी करवंटी रिकामी केली.

डोळे उघडले तेव्हा सभाघरात पाट्यांचा आवाज थांबला होता. समोर मधल्या खांबापाशी लुडविक बसला होता. त्याचा हात अजून पुढेच होता. नव्या सदऱ्याच्या बाहीला इस्त्रीची घडी होती, तीसुद्धा कासियानोला दिसली.

लगेच दुसरी पिळली गेली, पुन्हा हाक दिली गेली. लुडविकने ती ओठांना लावली आणि भरलेलीच परत दिली. प्रमुख उठेपर्यंत कुणी उठायचं नसतं, म्हणून तो आणखी तीन तास तिथे बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी युलीना भावाच्या दारात आली. ती कासियानोपेक्षा चार वर्षांनी मोठी होती आणि तो जन्मल्यापासून तिने ही गोष्ट त्याला विसरू दिली नव्हती.

“आम्ही गुआमला चाललोय,” ती म्हणाली. “पोरीकडे. शुक्रवारच्या विमानाने.”

“किती दिवस?”

“कायमचं. गुरुवारी संध्याकाळी तो प्रमुखांकडे जाऊन मान परत करणार आहे. मान परत केलेल्या माणसाने गावात राहून काय खेकडे मोजायचे?”

“अगं, चूक झाली. सगळ्यांनी बघितलं, चुकून हात गेला.”

“मला काय सांगतोस? माझी करवंटी नाही प्यायलास तू.” मग ती जरा वेळ उंबऱ्याकडे बघत राहिली. “मला तिकडे नाही जायचंय, कासियानो. तिकडे पोरीच्या घरी लिफ्ट आहे. मी लिफ्टमधे मरेन.”

असं म्हणून ती गेली, आणि कासियानोने त्याच दुपारी कोयता घासायला घेतला.

आमच्याकडे क्षमा तोंडाने मागत नाहीत. तोंडाला काय, काहीही बोलता येतं. ज्याचं मन दुखावलं त्याच्या अंगणात सकाउचं झाड घेऊन जायचं, तिथेच कुटायचं, पिळायचं आणि पहिली करवंटी त्याच्यापुढे धरायची. त्याने घेतली की विषय संपला. मग तो पुन्हा काढायचा नाही, मुलांनीही नाही, नातवंडांनीही नाही. आणि समोर धरलेली करवंटी नाकारणं ही गोष्ट आमच्या बेटावर कुणी केल्याचं आम्ही तरी ऐकलेलं नाही. लुडविकलाही ती करायची नव्हती. म्हणून त्याने वेगळीच युक्ती काढली: तो करवंटीच्या समोर यायचाच नाही.

सोमवारी कासियानो चार शेजाऱ्यांना घेऊन, खांद्यावर झाड घेऊन त्याच्या अंगणात गेला. पाटा घुमवला, पिळलं, करवंटी भरली. लुडविक पहाटेच खाजणात खेकडे धरायला गेला होता. वाट बघून बघून भरती आली, ओहोटी लागली. सकाउ काही ठेवून देता येत नाही. शेवटी चारही शेजाऱ्यांनी मोठ्या दुःखाने तो पिऊन संपवला आणि दुःख फार झाल्यामुळे त्यांना अंगणातच झोपावं लागलं.

बुधवारी पुन्हा झाड, पुन्हा पाटा. लुडविक घरी होता. दारात आला, गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. सकाळीच दवाखान्यात जाऊन दाढ काढून आला होता. बोळा बाजूला सरकवून तो अगदी अदबीने म्हणाला, “दौक, आपण एवढा त्रास कशाला घेतलात? डॉक्टरांनी उद्यापर्यंत काही प्यायचं नाही म्हणून बजावलंय.”

सभाघरात प्रमुखांशी बोलायची ती भाषा. लहानपणापासून ज्याने त्याला ‘ए खवल्या’ म्हणून हाक मारली, त्याच्या तोंडून कासियानोला ‘आपण’ ऐकावं लागलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

“दाढ दुखत होती का गं त्याची?” निघताना त्याने युलीनाला विचारलं.

“हलत होती,” ती म्हणाली. “गेली सहा वर्षं.”

गुरुवारी सकाळी शेजारी आले नाहीत. एकाची पाठ धरली होती, एकाच्या सासूचा वाढदिवस होता, तिसऱ्याने पाठ धरलेल्याला बघायला जायचं होतं. चौथा खरं बोलला. म्हणाला, “दौक, तो घेणार नाही, आणि तिसऱ्यांदा तुझं दुःख प्यायची माझ्यात ताकद नाही.”

कासियानो घरामागे गेला. तिथे त्याचं नऊ वर्षांचं झाड होतं, दोन पुरुष उंच, गाठी मनगटाएवढ्या. आपल्या दौकपदाच्या जेवणासाठी ते राखून ठेवलं होतं. त्याने बुंध्याभोवती खणायला सुरुवात केली.

“ते?” सोरीना स्वयंपाकाच्या झोपडीतून म्हणाली.

“ते.”

“मग तुझ्या जेवणाला काय नेणार? चहा?”

“जेवणाचं पुढे बघू.”

“डोकं नाही ते नाहीच,” ती म्हणाली, आणि कोयती घेऊन ओढ्याकडे गेली. तासाभराने परत आली ती रानजास्वंदीच्या सालीचा भारा घेऊन. वरची खरखरीत साल तिने तासून टाकली होती, आतल्या पट्ट्या लांबसडक, बुळबुळीत, एकही तुटलेली नाही. भारा त्याच्या खांद्यावर ठेवताना ती एवढंच म्हणाली, “आणि हे बघ, तिथे ‘चूक झाली, चूक झाली’ करत बसू नकोस. कंटाळा आला मला ऐकून. त्याला किती आला असेल.”

फांद्यांसकट ते झाड खांद्यावर घेऊन कासियानो चढण चढला. वाटेत तो चार वेळा बसला आणि पाच वेळा उठला. पाचव्यांदा कशावरून उठला ते त्याला आठवत नव्हतं. लुडविकच्या ओसरीवर दोन बॅगा उभ्या होत्या आणि त्यांच्यामधे तिसरी बॅग असल्यासारखी युलीना बसली होती.

“आहे का?”

“आत आहे. नाही म्हणून सांग म्हणालाय.”

“मग सांग.”

“नाहीये,” युलीना म्हणाली, आणि उठून तिने पाट्यावरची केळीची सुकी पानं झाडून टाकली.

मुळं तोडून, नारळाच्या सोडणाने माती घासून त्याने पाट्यावर रचली. लुडविकचा पाटा चांगला, काळ्या दगडाचा, घंटेसारखा वाजणारा. पण पाट्याला चार माणसं लागतात. चौघांचे गोटे आळीपाळीने पडले की तो नाद डोंगरापलीकडे जातो आणि ऐकणाऱ्याच्या पायात चाल येते. एकटा माणूस कुटतो तेव्हा नुसतं टण्, मग काहीच नाही, मग टण्. लंगड्या माणसाने जिना चढावा तसं. कासियानो एका बाजूने कुटायचा, उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचा, तिथून कुटायचा, पुन्हा उठायचा. ऊन डोक्यावर आलं. मुळं नऊ वर्षांची. ती काय ऐकतात? त्यांचे धागे निघायचे आणि पुन्हा पाट्याला चिकटून बसायचे. हाताला फोड आला, फुटला, त्याच्या जागी दुसरा आला. तो थांबला नाही. थांबायचं नाही एवढं एकच त्याने ठरवलेलं होतं, आणि एका वेळी एकच गोष्ट ठरवायची म्हटलं की कासियानोला ती नीट जमायची.

दोन तासांनी खिडकीची फळी बोटभर उघडली.

टण्. मग काहीच नाही. टण्.

फळी वीतभर उघडली.

“दौक,” आतून आवाज आला. “आपल्या डाव्या हाताला ढीग तसाच राहिलाय.”

कासियानोने डावीकडे कुटलं.

“आता उजवीकडचं सांडतंय.”

त्याने उजवीकडचं गोळा केलं. आत पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. लुडविक आयुष्यभर दुसऱ्यांच्या जेवणांना पाट्यावर बसलेला माणूस. पिळण्यात कासियानो, तसा कुटण्यात लुडविक. वाईट कुटलेलं ऐकणं म्हणजे त्याला दुखऱ्या दाढेवर बडीशेप चावण्यासारखं होतं, आणि इथे तर दाढेची जागाही ओली होती. आणखी पाच मिनिटं त्याने कशीबशी काढली. मग दार उघडून उघड्या अंगाने तो बाहेर आला, पाट्याच्या दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसला आणि त्याने गोटा उचलला.

“मी काही पिणार नाहीये,” तो म्हणाला. “हा पाटा माझ्या बापाचा आहे. त्याच्यावर असली टणटण मी ऐकून घेणार नाही.”

“बरं.”

“आणि बोलू नका.”

कासियानोने गोटा उचलला. टण् आणि टण्. दोघांचे गोटे आळीपाळीने पडायला लागले. खालच्या वाटेने जाणारी बाई थांबून बघायला लागली, तिला युलीनाने हाताने हाकललं. लगदा पिठासारखा मऊ झाला. लुडविकने त्यावर ओंजळभर पाणी शिंपडलं, शेवटचे तीन ठोके दिले आणि गोटा खाली ठेवला.

“एक विचारतो,” तो म्हणाला. या वेळी त्याने दौक म्हटलं नाही. “करवंटी तोंडाला लावल्यावर मधेच तू थांबला होतास.”

कासियानो सालीच्या पट्ट्या अंथरत होता. त्याचे हात थबकले.

“डोळे मिटलेले होते तुझे. पण गळा थांबला होता. मी समोर बसलो होतो. पहिला घोट गेला, गळा थांबला, आणि मग उरलेली सगळी प्यायलास.” लुडविक शांतपणे बोलत होता. “लोक म्हणतात चुकून हात गेला. गेला असेल. हातावर माझा राग नाही. मी त्या गळ्याचं विचारतोय.”

ओसरीवर युलीनाने पंखा हलवायचा थांबवला.

‘चूक झाली’ हे कासियानोच्या जिभेवर आलं. पाच दिवस तिथेच होतं, गुळगुळीत झालं होतं. त्याने ते गिळलं. ओठ पुसले. मग पट्ट्यांकडे बघत म्हणाला, “कळलं होतं.”

“कधी?”

“पहिल्या घोटानंतर. वाटलं, ही माझी नव्हे. तुझा हात पापणीखालून दिसला मला. सदरासुद्धा दिसला.”

“मग?”

“मग वाटलं, एकदाच. शेवटची.” बोलायला लागल्यावर त्याला सोपं जात होतं असं नव्हे, पण गुंडाळी पिळायला घेतली की अर्ध्यावर सोडता येत नाही, तसं झालं होतं. “मला दौक व्हायचंच नव्हतं, लुडविक. कुणी दौक म्हटलं की मला तो मेलेला म्हातारा आठवतो. बाजूला बघतो मी, कुठे बसलाय म्हणून. सौलिक म्हणजे मी होतो. त्या खांबाला माझ्या पाठीचा डाग आहे. आणि तिथे तू टेकून बसला होतास, नवा सदरा घालून. मला बघवलं नाही. म्हणून प्यायलो.”

एक कोंबडी येऊन पाट्याच्या कडेचा लगदा चाखून गेली आणि काही पावलांवर जाऊन विचारात पडली.

“पाच दिवस,” लुडविक म्हणाला, “पाच दिवस तू चूक झाली, चूक झाली करतोयस. चुकीसाठी एवढं झाड लागतं का रे, खवल्या? चूक झाली असती तर मी सोमवारीच घेतली असती. मी एक दाढ घालवली तुझ्यापायी.”

“हलत होती ती,” ओसरीवरून युलीना म्हणाली.

“तू गप गं.”

कासियानोने लगदा पट्ट्यांवर पसरला, कडा दुमडल्या, गुंडाळी केली आणि पिळायला घेतली. फोड फुटलेल्या तळव्यांत साल झोंबत होती. पहिल्यांदा काहीच आलं नाही. त्याने पिळाला आणखी एक वेढा दिला, खांद्यापासून जोर लावला, आणि मग ते आलं. राखाडी, दाट, सावकाश, गुंडाळीच्या टोकापासून करवंटीपर्यंत एकच तार. युलीना बॅगांमधून उठून पुढे आली होती. नऊ वर्षांचा सकाउ रोज बघायला मिळत नाही.

करवंटी भरली. कासियानोने ती दोन्ही हातांत घेतली, रीतीप्रमाणे तोंड बाजूला वळवलं, म्हणजे देणाऱ्याने घेणाऱ्याच्या डोळ्यांत बघू नये, आणि आवाज दिला.

“सौलिकची करवंटी.”

आवाज जरा चिरकला. त्याचे हात हवेतच राहिले. खाली खाजणात कुणीतरी नावेच्या बुडातलं पाणी उपसत होतं, त्याचा डबा वाजत होता, आणि कासियानो तो मोजत राहिला. सव्वीसपर्यंत मोजलं.

मग हात हलके झाले.

त्याने वळून बघितलं नाही. बघायचं नसतं. फक्त घोट ऐकले. एक, आणि न थांबता पुढचे सगळे. रिकामी करवंटी त्याच्या हातात परत आली.

“दाट आहे,” लुडविक म्हणाला. जीभ आताच जड झाली होती.

“तू कुटलास.”

“म्हणूनच.”

झालं. आमच्याकडे यापुढे काही बोलायचं नसतं. पण युलीना तशीच उभी होती, एक हात बॅगेच्या मुठीवर.

“आता मी काय करू?” तिने विचारलं. “ह्या आत नेऊ की बाहेर?”

लुडविक विचार करत राहिला. सकाउ पोटात गेला की विचाराला घाई राहत नाही, आणि पायांना तर मुळीच नाही. “प्रमुखांकडे निरोप धाड,” तो शेवटी म्हणाला. “म्हणावं, सौलिकला आज यायला जमत नाही. त्याच्याकडे पाहुणे आहेत.”

“आणि विमान?”

“पोरीला सांग, येतो. डिसेंबरात. पंधरा दिवस.”

“पंधरा? नातवाला बघायला पंधरा दिवस?”

“बरं, महिना. त्याहून जास्त राहिलो तर कोण त्या खांबाला येऊन टेकेल, काय सांगावं.”

“तो विषय संपलाय,” कासियानो म्हणाला.

“संपलाच. मी खांबाचं बोलतोय.”

युलीनाने मोठी बॅग आडवी पाडली, पाट्याजवळ ओढत आणली आणि तिच्यावर बसली. आत बहुधा भांडी होती, ती खणखणली.

“पुढची मला,” तिने हात पुढे केला. “आणि नीट पीळ. पाणी घालून बहिणीला फसवू नकोस.”

कासियानोने तळवे मांडीला पुसले आणि दुसरी गुंडाळी करायला घेतली.